मुक्या हॉर्नचे निदान

मोटारीचा हॉर्न हा विषय कला शाखेच्या वार्षिकांकात कशासाठी, असे वाचकांपैकी अनेकांना वाटेल. कवितांच्या आणि ग्रंथपरीक्षणांच्या शेजारी पक्कड-पेचकस शोभत नाहीत हे मलाही मान्य आहे. परंतु तर्कशास्त्राच्या तासाला आपण अन्वय आणि व्यतिरेक यांची टिपणे उतरवून घेतो. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडलेल्या पद्धती पाठ करतो. आणि त्यांचा उपयोग उत्तरपत्रिकेखेरीज आणखी कोठे होतो असे कोणी विचारले तर गप्प बसतो. न वाजणारा हॉर्न ही त्यांच्या उपयोगाची चांगली जागा आहे. शिवाय आपल्या अमरावती-अकोल्याकडे अजूनही काही घरांच्या अंगणात ताडपत्रीखाली एखादी अँबॅसॅडर किंवा फियाट उभी असते. पहिल्या पावसात तिचा हॉर्न बसतो, मालक नवा हॉर्न आणतो, आणि पोळ्यापर्यंत तोही मुका होतो. अशा मालकांच्या घरातील कोणी हा लेख वाचला तर त्याचे दोन पैसे वाचावेत, एवढाच दुसरा हेतू.

आधी या गाड्यांविषयी थोडे. अँबॅसॅडर ही मूळची इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात ती १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. फियाटचा संबंध आपल्याला अधिक जवळचा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटालियन फियाट ११०० ही गाडी भारतीय रस्त्यांवर आली. सत्तरीच्या दशकात तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर घरातले माणूस गेल्यासारखे लिहिले. वऱ्हाडात मात्र अशी गाडी हौसेच्या दालनात क्वचितच असते. ती निवृत्त मास्तरांची किंवा वकिलांची असते आणि आठवड्यातून एकदा शेतावर जाऊन येते.

म्हणूनच हॉर्नचा प्रश्न हौसेचा राहत नाही. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात नेऊन दाखवावी लागते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीला विजेवर चालणारा हॉर्न असलाच पाहिजे असे आहे, आणि एकामागून एक निरनिराळे सूर काढणारा किंवा कर्कश हॉर्न नसावा असेही आहे. म्हणजे जुना वाजत नाही म्हणून बाजारातून एखादा गाणारा हॉर्न आणून बसवला, तर एका दोषाच्या जागी दुसरा दोष उभा राहतो. रस्त्याचे म्हणाल तर अकोला-अमरावती हा मार्ग पूर्वीचा राहिलेला नाही. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. रस्ता गुळगुळीत झाला, वाहनांचा वेग वाढला. पण कापसाची बैलगाडी, म्हशींचा कळप आणि शेगावला पायी निघालेली मंडळी यांचा वेग होता तोच आहे. या दोन वेगांची गाठ जेथे पडते तेथे हॉर्न लागतो.

जाता जाता शब्दाविषयी. हॉर्न म्हणजे शिंग. आपणही रणशिंग फुंकत होतो. तेव्हा या शब्दात आपल्याला परके वाटण्यासारखे काही नाही. रबरी फुगा दाबून वाजवायचा पितळी भोंगा हा त्या शिंगाचाच वंशज, कारण त्यात हवा फुंकली जाते. विजेच्या हॉर्नात कोणी फुंकत नाही. अमेरिकेत मिलर रीस हचिसन याने काढलेला क्लॅक्सन हॉर्न १९०८ च्या सुमारास बाजारात आला, तेव्हापासून फुंकीची जागा पोलादी पडद्याच्या थरथरीने घेतली. क्लॅक्सन हे नाव किंचाळणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून घेतलेले आहे, आणि ज्यांनी तो ऐकला असेल त्यांना नावाची निवड चुकली असे वाटणार नाही.

आपल्या जुन्या गाड्यांतील हॉर्नची रचना शाळेत पाहिलेल्या विजेच्या घंटीसारखी असते. डबीच्या आत तारेचे वेटोळे असते. बटन दाबले की त्यातून प्रवाह जातो, वेटोळे लोहचुंबक बनते आणि समोरचा लोखंडी तुकडा खेचते. हा तुकडा पातळ पोलादी पडद्याला जोडलेला असल्यामुळे पडदाही आत ओढला जातो. परंतु खेचला जात असतानाच तो तुकडा दोन संपर्कबिंदू एकमेकांपासून दूर करतो. मिस्त्री त्यांना नुसते पॉइंट म्हणतात. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, चुंबकत्व जाते, पडदा परत येतो, पॉइंट पुन्हा मिळतात. हे एका सेकंदात तीनशे ते पाचशे वेळा घडते आणि त्यालाच आपण आवाज म्हणतो. ही क्रिया नीट डोळ्यासमोर आणली तर पुष्कळसे निदान कानानेच होते. बटन दाबल्यावर काहीच ऐकू येत नसेल, तर प्रवाह वेटोळ्यापर्यंत पोचत नाही किंवा पॉइंट काजळून मिळेनासे झाले आहेत. एकदाच ‘टक्’ होऊन शांतता पसरत असेल, तर पडदा ओढला गेला पण पॉइंट उघडले नाहीत. अशा वेळी बटन दाबून धरू नये, कारण प्रवाह अखंड वाहून वेटोळे जळते. घोगरा, अडखळता आवाज येत असेल तर प्रवाह पोचतो आहे पण अर्धपोटी, किंवा पॉइंटची जुळणी बिघडली आहे.

हॉर्न हा एका वर्तुळातील एकच मणी आहे. बॅटरी, फ्यूज, तार, हॉर्न, पुन्हा तार, स्टिअरिंगवरचे बटन आणि तेथून गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरी, असा तो फेरा आहे. पत्र्यातून परत जाणाऱ्या वाटेला आपल्याकडे ‘अर्थ’ म्हणतात. पुष्कळशा जुन्या गाड्यांत हॉर्नच्या एका टोकाला करंट कायम हजर असतो आणि बटन फक्त दुसऱ्या टोकाला अर्थ देते. घरातील दिव्याचे बटन जिवंत तार तोडते-जोडते. येथे नेमके उलट आहे, आणि घरचा वायरमन गाडीकडे वळला की त्याची प्रथम येथेच फसगत होते. तारांच्या रंगांवर विसंबावे तर इंग्रजी पद्धतीत काळी तार अर्थची आणि तपकिरी बॅटरीची हे खरे. पण चाळीस वर्षांत ज्याच्या हाताला जी तार लागली ती त्याने जोडलेली असते. रंग हा ऐकीव पुरावा समजावा.

आता पहिली चाचणी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. हॉर्नच्या दोन्ही तारा सोडवाव्यात आणि दोन स्वतंत्र, जाड तारांनी हॉर्न सरळ बॅटरीला लावून पाहावा. त्यांपैकी एका तारेत फ्यूज घातलेला असावा, म्हणजे चुकून तारा एकमेकींना लागल्या तर ठिणग्यांवर निभावते. ज्या हॉर्नला एकच टोक असते त्याचे अंग हेच दुसरे टोक. तेथे दुसरी तार त्याच्या डबीला लावावी. हॉर्न खणखणीत वाजला तर तो निर्दोष सुटला आणि सारा संशय तारा, फ्यूज, बटन यांच्यावर आला. नाही वाजला तर तारांना हात लावण्याचे कारण उरले नाही. हीच ती व्यतिरेक पद्धती: बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट वगळायची आणि परिणाम बदलतो का ते पाहायचे. दोन मिनिटांच्या या कामाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते. आश्चर्य असे की बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते आणि सुरुवातच नव्या हॉर्नच्या खरेदीने होते.

अकोल्याला माझ्या मामांच्या पद्मिनीचे असेच झाले. मामा निवृत्त शिक्षक. मूर्तिजापूरच्या बाजूला त्यांची थोडी शेती आहे. नोंदणीचे नूतनीकरण दीड महिन्यावर आले असताना हॉर्न घोगरा झाला आणि मग बंद पडला. एका गॅरेजमध्ये दोन नवे हॉर्न बसवले गेले. आठवड्यात त्यांचीही घरघर सुरू झाली. पुन्हा बदलले, पुन्हा तेच. तेव्हा गाडीचे सगळे वायरिंगच नवे करावे लागेल असे सांगण्यात आले. खर्चाचा आकडा ऐकून माझे दोन्ही मामेभाऊ म्हणाले, बाबा, आता ही भंगारात द्या. मामा बोलले नाहीत, पण त्या दिवशी जेवलेही नाहीत. मामींना दवाखान्यात नेणे-आणणे आणि शेत, दोन्ही कामे त्याच गाडीवर चालत. मुले पुण्याला, एस.टी.च्या वेळा मामींच्या गुडघ्यांना सोयीच्या नाहीत.

शेवटी मामांनी जुन्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी आधी वर सांगितलेली बॅटरीची चाचणी घेतली. दोन्ही हॉर्न कडाडले. मग दोन तारा जोडलेला एक लहान बल्ब काढला, त्याची एक तार पत्र्याला धरली आणि दुसरी हॉर्नकडे येणाऱ्या तारेच्या टोकाला लावली. बल्ब लख्ख लागला. मामेभाऊ म्हणाला, ‘म्हणजे करंट तर बरोबर येतोय.’ मिस्त्री म्हणाले, ‘लहान बल्ब लागून राह्यला म्हंजे सारं बराबर हाय असं नोको समजू भाऊ. त्याले भूकच किती? हॉर्नले पोटभर लागते.’ आणि त्यांनी पिशवीतून हेडलाइटचा एक जुना बल्ब काढून त्याच जागी लावला. तो पिवळट, मरगळलेला लागला.

या एका वाक्यात ओहमचा नियम आहे, आणि तो आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. ५ वॅटचा लहान बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. वाटेत गंजलेल्या जोडामुळे अर्ध्या ओहमचा अडथळा असेल तर ०.४ गुणिले ०.५, म्हणजे ०.२ व्होल्ट वाया जातो. डोळ्याला तो फरक कळत नाही. हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब मात्र ५ अँपिअरच्या आसपास मागतो. तोच अर्धा ओहम आता दोनेक व्होल्ट गिळतो आणि प्रकाश मलूल होतो. दोन हॉर्न मिळून ८ ते १० अँपिअर मागतात. त्यांचे तीन-साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्च होतात. उरलेल्या साडेआठ-नऊ व्होल्टवर पडदा थरथरतो, पण बोलत नाही. म्हणजे लहान बल्ब खोटे बोलत नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच लहान होता. करंट आहे की नाही हे त्याने सांगितले. करंट पुरेसा आहे की नाही हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. इतिहासाच्या साधनांविषयी आपले प्राध्यापक नेमके हेच सांगत असतात, असे मला तेव्हा वाटून गेले. असो.

पुढचा शोध सोपा होता. मिस्त्री तोच मोठा बल्ब घेऊन हॉर्नकडून बॅटरीकडे एकेक जोड मागे सरकत गेले. फ्यूजच्या पुढच्या टोकाला बल्ब मलूल, मागच्या टोकाला लख्ख. दोष या बोटभर अंतरात कोंडला गेला. फ्यूज शाबूत होता. पण तो ज्या पितळी पकडीत बसतो तिचा ताण गेला होता आणि तिच्यावर हिरवा गंज चढला होता. बॅटरीचे अर्थचे टोक सोडवून पॉलिश पेपरने पकड घासली, पक्कडीने जरा आवळली, नवा फ्यूज बसवला. सगळ्या कामाला अर्धा तास लागला. मिस्त्रींनी घेतलेली रक्कम एका नव्या हॉर्नच्या किमतीहून पुष्कळ कमी होती. गाडी तपासणीत उतरली आणि मामा अजून तिच्यातून शेतावर जातात.

फ्यूजचा विषय निघाला आहे तर सांगतो: जळलेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची जी चाल आपल्याकडे आहे ती घातक आहे. फ्यूज जळतो तो तार जळू नये म्हणून. चांदी जळत नाही. मग तार जळते, आणि जुन्या गाडीत तारेच्या शेजारी पेट्रोलची नळी असू शकते.

मामांच्या गाडीत दोष हॉर्नच्या अलीकडे होता. तो पलीकडे, म्हणजे बटनाच्या बाजूला असेल तर चाचणी याहून सोपी. हॉर्नच्या तारा जागेवर ठेवून, बटनाकडे जाणाऱ्या टोकापासून एक तार घ्यायची आणि ती पत्र्याच्या खरवडून स्वच्छ केलेल्या जागी टेकवायची. हॉर्न वाजला तर बटन, बटनाची तार किंवा अर्थ यांपैकी कोणीतरी दोषी. स्टिअरिंग फिरते आणि तार फिरू शकत नाही, म्हणून मध्ये सरकता संपर्क ठेवलेला असतो. एक पितळी कडे आणि त्यावर स्प्रिंगने दाबलेली पितळी किंवा कार्बनची कांडी. कडे काळे पडते, कांडी झिजते, स्प्रिंग मऊ होते. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ उन्हाळाभर तेथे साचते आणि पावसाळी दमटपणात तिचा लेप होतो. गाडी सरळ असताना हॉर्न वाजत नाही आणि वळणावर वाजतो, असा अनुभव असेल तर येथेच पाहावे.

हॉर्न आपोआप वाजू लागणे हा याच्या उलटचा आजार. मध्यरात्री अंगणातली गाडी ओरडू लागते आणि गल्ली जागी होते. करंट कायम हजर आणि बटन फक्त अर्थ देणारे, हे एकदा समजले की कारण उघड आहे: बटनाकडे जाणाऱ्या तारेचे आवरण कोठेतरी घासले जाऊन तिला पत्र्याचा अर्थ परस्पर मिळाला आहे. स्टिअरिंगच्या दांड्यात शिरताना तारेला जेथे पीळ पडतो ती जागा प्रथम तपासावी. गाडीत रिले बसवलेला असेल तर त्याचे पॉइंट चिकटूनही असेच होते. शोध सावकाश घ्यावा. आधी हॉर्नची तार उपटून गल्लीला झोपू द्यावे.

हॉर्नच दोषी ठरला तरी तो लगेच फेकू नये. त्याच्या पाठीवर जुळणीचा एक लहान स्क्रू असतो. पॉइंट झिजतात तशी जुळणी बिघडते, एवढीच पुष्कळदा तक्रार असते. लुकास पद्धतीच्या हॉर्नात हा स्क्रू डावीकडे इतका फिरवायचा की आवाज नुकताच बंद पडावा. मग उजवीकडे पाव फेरा परत. बटन क्षणभरच दाबून पाहत जावे. डबीच्या मध्यभागी खाच असलेला जाड दांडा आणि त्यावर नट दिसतो, त्याला मात्र हात लावू नये. ती जुळणी कारखान्याची, ती हलली की घरी बसणे नाही. जोडीचे हॉर्न असतील तर एक उंच सुराचा आणि एक खालच्या सुराचा असतो. एकाची तार काढून दुसरा जुळवावा, मग उलट. जोडीतला एक मेलेला असूनही वर्षानुवर्षे गाडी चालवणारे लोक मी पाहिले आहेत. आवाज पातळ का झाला याचा विचारच होत नाही.

ही जुळणी कोठे करावी हेही सांगायला हवे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकते, आणि वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ या वेळात निकड असल्याखेरीज हॉर्न वाजवण्यास बंदी आहे. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यासही महाराष्ट्रात २०१५ साली मनाई झाली. तेव्हा गाडी गावाबाहेर एखाद्या माळावर न्यावी, आणि बैल बांधलेले नाहीत असे पाहून काम सुरू करावे.

परत बसवताना एक पाहावे. हॉर्न शंखाच्या आकाराचा असेल तर त्याचे तोंड जमिनीकडे झुकलेले ठेवावे. वर तोंड करून बसवलेल्या हॉर्नात पावसाचे पाणी आणि चिखल दोन्ही साचतात आणि पडदा आतून गंजतो. कंस ज्या पत्र्याला आवळला जातो तेथील रंग खरवडून, स्वच्छ धातूवर नट आवळावा आणि वरून ग्रीसचे बोट फिरवावे. बॅटरीचे अर्थचे टोक सर्वांत शेवटी जोडावे.